जैववायू, निकेल आणि विषाची मात्रा



गेल्या महिन्याच्या सभेत आपल्यातील एका तरुणाने मोठ्या उत्साहाने सांगितले की, शहरांच्या मैलापाण्यातून आणि गोठ्यांतील शेणातून निघणाऱ्या वायूवर चालणारे इंधनघट आता तयार झाले आहेत. त्यांत ज्योत नाही, धूर नाही, आवाजही जवळजवळ नाही. एका बाजूने वायू आत जातो आणि दुसऱ्या बाजूने वीज बाहेर येते. त्यावर मागच्या बाकावरून एका भगिनीने विचारले, "मग ते सगळीकडे का दिसत नाहीत?" या साध्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी कोणालाच देता आले नाही. तेव्हा आपले चिटणीस माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमचा नातू याच विषयाचा अभ्यास करतो ना? त्याच्याकडून समजून घ्या आणि पुढच्या वेळी आम्हांला आपल्या भाषेत सांगा."

मी रसायनशास्त्रज्ञ नव्हे. माझ्यापाशी आहे ती मुंबईत मिळवलेली परिचर्येची पदविका आणि तिथली व इथली मिळून चाळीस वर्षांची रुग्णसेवा. पण नातवाबरोबर चार संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसले, तेव्हा ध्यानात आले की हा विषय मला वाटला तितका परका नाही. या सगळ्या यंत्राच्या पोटात एक धातू काम करीत असतो. तो दमतो, त्याला विषबाधा होते, त्याच्यावर काजळी चढते, आणि वेळीच उपाय केला तर तो पुन्हा उभा राहतो. त्याची कथा ही शुश्रूषेचीच कथा आहे. म्हणून मी ती परिचारिकेच्या शब्दांत सांगणार आहे.

प्रारंभ एका जुन्या प्रसंगाने करते. साल १९७१. मी विद्यार्थिनी होते आणि माझी पाळी अपघात विभागात होती. दुपारी तीन मजुरांना आणले. गटाराच्या टाकीत पहिला उतरला तो वर आला नाही. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला, आणि त्या दोघांसाठी तिसरा. पहिले दोघे आणण्यापूर्वीच गेले होते, तिसरा वाचला. मृतांच्या अंगावरील वस्तूंची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. एकाच्या खिशात वीस पैशांची नाणी होती, त्या काळची पिवळी, कमळाचे चित्र असलेली. ती काळवंडली होती. मला वाटले चिखल लागला असेल, म्हणून मी एक नाणे पुसले. काळेपणा निघाला नाही. आमच्या वॉर्डच्या सिस्टरनी ते पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "यादीत लिही, नाणी काळी. डॉक्टरांना त्यावरून कळेल काय झाले ते."

झाले होते असे की, टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू साठला होता. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच. त्याने माणसांचा प्राण घेतला आणि खिशातल्या नाण्यांनाही सोडले नाही. एकच वायू माणसाला आणि धातूला एकाच वेळी बाधतो, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. पन्नास वर्षांनंतर नातवाने कागदावर निकेलचे चित्र काढून "याला गंधकाची बाधा होते" असे म्हटले, तेव्हा मला ती नाणी आठवली.

आता मूळ विषयाकडे येते. शेण, मैला, उष्टे अन्न, पालापाचोळा असे काहीही हवाबंद जागी कुजले की त्यातील सूक्ष्मजीव जो वायू सोडतात त्याला जैववायू म्हणतात. आपल्या गावाकडे त्याला गोबरगॅस हेच नाव आहे. हे काही नवे नाही. मुंबईत माटुंग्याला निराधार कुष्ठरुग्णांसाठी १८९० मध्ये जे आश्रयस्थान उभारले गेले, जे पुढे अॅकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखले जाऊ लागले, तेथील मैलापाण्याच्या टाक्यांतून वायू गोळा करण्याची सोय १८९७ मध्ये झाली आणि पुढे त्यावर इंजीनही चालवण्यात आले. ज्यांना समाजाने दूर लोटले होते त्यांच्या वस्तीत हा प्रयोग झाला, ही गोष्ट आम्हां मुंबईच्या परिचारिकांना अभिमानाने सांगावीशी वाटते.

या वायूत साधारणपणे साठ टक्के मिथेन असतो आणि चाळीस टक्के कार्बन डायऑक्साइड. हे प्रमाण कच्च्या मालाप्रमाणे थोडे खाली-वर होते. मिथेन हा जळणारा भाग, कार्बन डायऑक्साइड हा न जळणारा. त्यांच्याबरोबर थोडी वाफ येते, आणि चोरपावलांनी येतो तो हायड्रोजन सल्फाइड. दशलक्ष भागांत त्याचे काही शे भाग असतात, कधी काही हजारही.

हा वायू शेगडीत जाळता येतो, इंजिनात जाळून वीजही करता येते. मग इंधनघट कशासाठी? इंजिनात आधी उष्णता होते, उष्णतेने दट्ट्या हलतो, दट्ट्याने चाक फिरते आणि चाकाने वीज होते. प्रत्येक पायरीवर काही ना काही वाया जाते. इंधनघटात ज्वलनाची ही पायरीच नाही. हायड्रोजन एका बाजूला, ऑक्सिजन दुसऱ्या बाजूला आणि मध्ये पडदा. दोघांचा संयोग होताना विद्युत्कण बाहेरच्या तारेतून फिरून जातात, तीच वीज. चांगले इंजीन इंधनातील ऊर्जेपैकी पस्तीस-चाळीस टक्के विजेत उतरवते. उच्च तापमानाचा चांगला इंधनघट पन्नास टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे तेवढ्याच शेणातून वीज अधिक.

असा पहिला घट विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ मध्ये ब्रिटनमध्ये केला. त्याच वर्षी जर्मनीतील कासेल गावी एका यहुदी घरात लुडविग मॉन्ड यांचा जन्म झाला. हे मॉन्ड पुढे इंग्लंडमध्ये मोठे रसायन उद्योजक झाले. त्यांनी कार्ल लँगर यांच्यासह १८८९ मध्ये शुद्ध हायड्रोजनऐवजी कोळशापासून केलेल्या स्वस्त वायूवर असा घट चालवण्याचा प्रयत्न केला. शेरॉनच्या पट्ट्यातले आपले तेल मोंद गाव ज्या आल्फ्रेड मॉन्ड यांच्या नावाने वसले, ते याच लुडविग यांचे पुत्र. तेव्हा तेल मोंदच्या फाटकावरून जाताना इंधनघटाची आठवण काढण्यास हरकत नाही. मॉन्ड यांचा घट बाजारात येऊ शकला नाही. त्यांना जी अडचण आली तीच आजही आपल्यापुढे आहे: घटाला हवा हायड्रोजन, आणि स्वस्त इंधनात तो मोकळा नसतो.

जैववायूतही हायड्रोजन आहे, पण तो मिथेनच्या मुठीत आहे. मिथेनच्या एका कणात मध्ये एक कार्बन आणि त्याला घट्ट धरून चार हायड्रोजन असतात. ही मूठ सोडवण्याच्या क्रियेला रिफॉर्मिंग म्हणजे पुनर्रचना म्हणतात. मिथेनवर पाण्याची वाफ सोडली तर एका मिथेनपासून एक भाग कार्बन मोनॉक्साइड आणि तीन भाग हायड्रोजन मिळतो. वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर दोन भाग कार्बन मोनॉक्साइड आणि दोन भाग हायड्रोजन. जैववायूत कार्बन डायऑक्साइड आधीच मिसळलेला असतो, हे त्याचे विशेष सुदैव. जो भाग शेगडीत निरुपयोगी, तो इथे कामाला येतो. परंतु ही मूठ नुसत्या आर्जवाने सुटत नाही. तापमान सातशे-आठशे अंश सेल्सिअस लागते, आणि तेवढ्यानेही भागत नाही. शेजारी उत्प्रेरक लागतो.

उत्प्रेरक म्हणजे काय, हे आपल्या लोकांना समजावणे सोपे आहे. आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत. आपल्या आयांच्या स्वयंपाकघरात त्याच तेलाचा दुसरा अवतार होता, डालडा. पातळ तेलाचे घट्ट वनस्पती तूप कसे होत असे? तेलात हायड्रोजन मिळवून. आणि ते काम करणारा धातू होता निकेल. निकेलची बारीक पूड तेलात घालीत, काम झाले की गाळून काढीत. डब्यात ती उतरत नसे, पण तिच्यावाचून डबा भरत नसे. जो निकेल तेलात हायड्रोजन घालतो, तोच मिथेनमधून हायड्रोजन काढतो. देणे आणि घेणे या दोन्ही कामांत त्याचा हात सारखाच चालतो.

हे काम कसे होते, ते वॉर्डच्या उदाहरणाने सांगते. निकेलच्या कणाचा पृष्ठभाग म्हणजे खाटांची रांग समजा. मिथेन येतो, एका खाटेवर टेकतो, आणि त्याचे हायड्रोजन एकेक करून सुटतात. मागे उरतो एकटा कार्बन. इतक्यात शेजारच्या खाटेवर वाफेतून किंवा कार्बन डायऑक्साइडमधून ऑक्सिजन आलेला असतो. तो कार्बनला हात देतो, दोघे कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतात, आणि खाट पुढच्यासाठी मोकळी होते. उत्प्रेरकाचे सारे सामर्थ्य खाट पुन्हा मोकळी होण्यात आहे. खाट अडली की वॉर्ड बंद. आता ज्या तीन आजारांनी निकेल निकामी होतो, ते तिन्ही खाटा अडण्याचे किंवा खाटा कमी होण्याचेच प्रकार आहेत.

पहिला आजार काजळीचा. ऑक्सिजन वेळेवर पोहोचला नाही, तर कार्बन तिथेच बसून राहतो आणि त्याच्याशेजारी दुसरा, तिसरा असे जमत जातात. वर मी प्रमाण सांगितले: तीन भाग मिथेनला दोन भाग कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तीन रोग्यांना न्यायला दोनच नातेवाईक आले. तिसरा पडून राहिला. म्हणून जैववायूत वरून थोडी वाफ किंवा किंचित हवा घालावी लागते. तसे केले नाही, तर निकेलच्या कणाखालून कार्बनचे केसासारखे धागे वाढू लागतात, ते कणाला त्याच्या जागेवरून उचलतात आणि अखेर ज्या टणक गोळीवर तो कण बसवलेला असतो, तिचाच भुगा करतात. नातवाने मला सूक्ष्मदर्शकातील चित्र दाखवले. प्रत्येक धाग्याच्या टोकाला निकेलचा एक ठिपका होता, वाऱ्यावर हलणाऱ्या गवताच्या तुऱ्यासारखा.

दुसरा आजार म्हातारपणाचा. निकेल १४५५ अंशांना वितळतो, पण सहाशे अंशांच्या सुमारासच त्याच्या पृष्ठभागावरील अणू चळवळ करू लागतात आणि लहान कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. धातू तेवढाच राहतो, मात्र पृष्ठभाग घटतो. म्हणजे खाटा कमी होतात. यावर उपाय असा की, कण उष्णता सोसणाऱ्या आधारावर दूरदूर बसवावे. अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम यांची ऑक्साइडे या कामी येतात. सेरियमचे ऑक्साइड तर आणखी एक उपकार करते: आपल्याजवळचा ऑक्सिजन ते गरजेच्या वेळी उसना देते आणि नंतर वाफेकडून परत मिळवते. उशाशी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या नळकांड्यासारखे ते आहे.

तिसरा आजार विषबाधेचा, आणि इथे माझी काळी नाणी पुन्हा समोर येतात. हायड्रोजन सल्फाइडमधील गंधक निकेलवर येऊन बसतो आणि उठत नाही. जैववायूत तो दशलक्षात हजार भाग असू शकतो. घटातील तप्त निकेलचा जोर कमी व्हायला दशलक्षात एक भाग पुरतो. म्हणजे हजारांतील नऊशे नव्व्याण्णव भाग काढून टाकले, तरी उरलेला एक उपद्रव करतोच. माणसाच्या शरीरातही हा वायू असेच करतो. पेशीच्या आत जिथे ऑक्सिजन वापरला जातो, तिथल्या लोहयुक्त विकराला तो बिलगतो. फुप्फुसे चालू, हृदय चालू, रक्तात ऑक्सिजन आहे, पण पेशीला तो वापरता येत नाही. जागा अडलेली असते. माझ्या मते विष या शब्दाचा निम्मा अर्थ हाच आहे: दुसऱ्याच्या जागेवर बसणे.

आता एक विलक्षण गोष्ट सांगते. कोणत्या घटाला काय विष आणि काय अन्न, हे घट बदलला की बदलते. प्लॅटिनमवर चालणारा एक घट आहे. तो ऐंशी अंशांच्या आसपास काम करतो आणि मोटारींत वापरला जातो. त्याला कार्बन मोनॉक्साइड सोसत नाही. दशलक्षात दहा भाग असला तरी तो प्लॅटिनमच्या खाटा बळकावतो.

हे ऐकताच मला दक्षिणेकडील रुग्णालयातील एक हिवाळी रात्र आठवली. नेगेवची थंडी आपण जाणता. एका मातेने दोन मुलांना घेऊन बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवली होती. तिघांचेही गाल गुलाबी होते आणि बोटावर लावलेले यंत्र ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव टक्के दाखवीत होते. नव्या परिचारिकेला वाटले, सारे ठीक आहे. पण ते यंत्र फसते. रक्तकणातील हिमोग्लोबिनवर कोण बसले आहे, ऑक्सिजन की कार्बन मोनॉक्साइड, हे त्याला ओळखता येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. आम्ही मुखवटे लावून पहाटेपर्यंत बसलो. तिघेही वाचले. प्लॅटिनमच्या घटावरही हाच उपचार करतात, हे कळल्यावर मी नातवाकडे पाहातच राहिले: इंधनाबरोबर किंचित हवा सोडतात, ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडला घेऊन जातो आणि खाट मोकळी होते. शिवाय प्लॅटिनममध्ये रुथेनियम मिसळला तर ते सुलभ होते, कारण रुथेनियम पाण्यातून ऑक्सिजन लवकर हाताशी आणतो.

परंतु सातशे-आठशे अंशांवर चालणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या घटाला, ज्यात मधला पडदा झिर्कोनियम ऑक्साइडच्या चिनीमातीसारख्या पदार्थाचा असतो, तोच कार्बन मोनॉक्साइड अन्न ठरतो. तिथे निकेल आहे आणि उष्णता भरपूर आहे. त्या घटात कार्बन मोनॉक्साइडपासूनही ऊर्जा मिळते. जैववायूला हाच घट मानवतो. घटात निर्माण होणारी उष्णता मिथेनची मूठ सोडवायला उपयोगी पडते, आणि घटातून निघणारी वाफ परत फिरवून काजळी टाळता येते. मात्र एक पथ्य पाळावे लागते. मिथेनची पुनर्रचना उष्णता शोषून घेते. ती सगळी वायूच्या प्रवेशापाशीच उरकली, तर तेवढा भाग एकदम गार पडून पडद्याला तडा जाऊ शकतो. म्हणून पुष्कळदा थोडी पुनर्रचना बाहेर, निकेलच्या वेगळ्या पात्रात करून घेतात आणि उरलेली आत.

मात्रेचीही अशीच गंमत आहे. गंधक हे निकेलचे विष, असे मी आत्ताच म्हणाले. डेन्मार्कमधील संशोधकांनी हेच विष मोजून दिले. कार्बनची काजळी धरायला निकेलच्या अणूंची बरीच मोठी मोकळी जागा लागते. मिथेन सोडवायला त्याहून लहान जागा पुरते. तेव्हा गंधकाने काही खाटा मुद्दाम अडवून ठेवल्या, तर मोठी जागा कुठेच उरत नाही. काम मंदावते, पण काजळी थांबते. त्याच देशात १९९८ मध्ये निकेलवर सोन्याचे थोडे अणू पेरून हाच हेतू साधल्याचे प्रसिद्ध झाले. आम्ही वॉर्डमध्ये हृदयाच्या रोग्याला डिजॉक्सिनची गोळी देण्याआधी मिनिटभर नाडी मोजत असू, कारण त्या गोळीची मात्रा थोडी चुकली तर औषधच विष होते. निकेलच्या बाबतीतही नाडी मोजल्यावाचून गंधक देता येत नाही.

कोणी विचारील, निकेल इतका नाजूक आहे तर दुसरा धातू का घेत नाहीत? आहेत ना. रुथेनियम आणि ऱ्होडियम हे दोघे काजळीला चांगले तोंड देतात, कारण कार्बन त्यांच्यात निकेलसारखा मुरत नाही. पण ते मौल्यवान धातू आहेत, आणि गंधकापुढे तेही नमतात. निकेलच्या जोडीला थोडा कोबाल्ट किंवा चिमूटभर रुथेनियम असा मधला मार्ग पुष्कळ प्रयोगशाळा शोधीत आहेत. माझा नातू त्यातलाच एक. पण तो स्वतःच मला म्हणाला, "आजी, धातू कितीही चांगला आणला तरी वायू घाणेरडा असेल तर तो मरणारच."

हे वाक्य मला पूर्ण पटले, आणि मागच्या बाकावरील भगिनीच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. इटलीत टुरिन शहराजवळ कोलेन्यो येथे मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. तेथील जैववायूवर झिर्कोनियाचे घट २०१७ मध्ये सुरू झाले. औद्योगिक प्रमाणावर युरोपात उभारलेली अशा प्रकारची ती पहिली योजना. एकेक संच ५८ किलोवॉटचा. तिथे घटांआधी वायू शुद्ध करण्याची वेगळी यंत्रणा उभारावी लागली. त्या यंत्रणेच्या टाक्यांत काय भरलेले असते? सक्रियित कोळसा. विष घेतलेल्या रोग्याला आम्ही पाण्यात कालवून पाजत असू, तोच. हा कोळसा गंधक धरून ठेवतो, आणि आणखी एका चोराला अडवतो. आपल्या शाम्पूत आणि प्रसाधनांत सिलिकॉनचे पदार्थ असतात. ते न्हाणीघरातून गटारात आणि गटारातून वायूत येतात. त्यांना सिलोक्सेन म्हणतात. तापल्यावर त्यांची वाळू, म्हणजे काचेसारखी पूड होते आणि ती निकेलवर थर धरते. तुमच्या-आमच्या केसांचा साबण एखाद्या धातूचा श्वास कोंडू शकतो, हे कोणाच्या मनात आले असते?

कोळसा भरला की संपले, असेही नाही. तो हळूहळू भरत जातो आणि एके दिवशी विष पलीकडे निघू लागते. त्याआधी तो बदलला पाहिजे. पलीकडचा वायू रोज तपासला पाहिजे. इंजीन थोडी घाण खपवून घेते, स्वस्तही असते. इंधनघट खपवून घेत नाही. तेव्हा, भगिनी, हे घट सगळीकडे दिसत नाहीत याचे कारण नुसती धातूची किंमत नाही. पाळ्या लावून रोज करावी लागणारी निगा, हा त्याचा मोठा खर्च आहे. लहान गोठ्याला ती निगा परवडत नाही. मोठ्या शहराच्या मैलापाणी केंद्राला परवडू शकते.

आणखी एक इशारा द्यायला हवा. लुडविग मॉन्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९० मध्ये दाखवले की, थोड्याशा उष्णतेत निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड मिळून एक उडून जाणारे द्रव्य तयार होते, निकेल कार्बोनिल. त्यावरून त्यांनी निकेल शुद्ध करण्याची रीत बसवली. पण ते द्रव्य अत्यंत विषारी आहे. फुप्फुसांवर त्याचा घाला पडतो. तप्त घटात ते टिकत नाही. धोका यंत्र बंद करून थंड करताना असतो. म्हणून यंत्र थंड होण्यापूर्वी आतला कार्बन मोनॉक्साइड नायट्रोजन किंवा तत्सम वायूने धुऊन काढतात. आमच्याकडेही अपघात पाळी बदलताना अधिक होत असत.

आता समारोप करते. आपल्यातील काही कुटुंबांनी अंगणात उष्ट्या अन्नापासून गॅस करण्याच्या पिशव्या बसवल्या आहेत, आणि आणखी काही जण विचार करीत आहेत. जरूर बसवा. त्याच्या नळीवर जी लहानशी गाळणी असते, ती सांगितलेल्या मुदतीत बदला. "वास येत नाही, म्हणजे ठीक आहे," असे मात्र कधीही म्हणू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेत अगदी थोडा असताना तीव्र वास येतो; पण दशलक्षात शंभर-दीडशे भागांच्या पुढे गेला की तो नाकाची शक्तीच मारून टाकतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे नव्हे. कित्येकदा तो वाढलेला असतो. कोणत्याही बंद टाकीत, विहिरीत, गटारात कोणी पडलेले दिसले, तर मागोमाग उतरू नका. आधी मदत बोलवा. १९७१ च्या त्या दुपारी पहिल्यामागून उतरला नसता, तर दुसरा जगला असता.

आणि कोणी तुमच्यापुढे मैल्यापासून वीज करणाऱ्या नव्या यंत्राची स्तुती करू लागला, तर त्याला धातूचे नाव विचारू नका. एवढेच विचारा: "वायू स्वच्छ कोण करणार, आणि गाळणी कोण बदलणार?" ज्याच्यापाशी याचे उत्तर आहे, त्याचे यंत्र चालेल.